अबू नासेरची दुसरी रायफल

शफीक बंदुकीला भीत असे आणि त्यात लाजण्यासारखं काहीच नव्हतं. दाभोळच्या खाडीवर मासळी आणि नारळ यांच्यात वाढलेल्या माणसानं बंदूक बघायची तरी कुठे? त्याचं काम दोह्याच्या बाजारात, अबू नासेरच्या दुकानात. मोटारींचे सुटे भाग विकायचे, गिऱ्हाइकाला चहा पाजायचा, संध्याकाळी कुलूप लावून घरी जायचं. असल्या माणसाच्या हातात कुणी रायफल देतं का? पण दिली खरी.

त्याचं असं झालं. अबू नासेर दर हिवाळ्यात विमानानं कराचीला जाई आणि तिथून पुढे सिंधच्या डोंगरात रानबकऱ्यांच्या शिकारीला. बरोबर दोन रायफली आणि त्या सांभाळायला वली बलुच. त्या वर्षी निघायच्या तोंडावर वलीला कावीळ झाली. अबू नासेरनं दुकानात नजर फिरवली आणि म्हणाला, "शफीक, तू चल." तरुणपणी मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईत राहिलेला माणूस, हिंदुस्तानी झकास बोलायचा. शफीक "जी" म्हणाला. दुसरं काय म्हणणार? त्याची बायको हजरा वर्षापूर्वीच बोटीनं दोह्याला आली होती ती अबू नासेरच्या शब्दावर, आणि आता तिला सातवा महिना होता.

अबू नासेर मनाचा मोठा माणूस. उधळा म्हणा हवं तर. पण एका गोष्टीत त्याच्यासारखा कठोर कुणी नाही. त्याच्याशी खोटं बोललेलं त्याला खपत नसे. शफीकच्या आधी दुकानात कमाल नावाचा रत्नागिरीचाच मुलगा होता. तो एकदा आजारी आहे असं सांगून वक्राला दोस्तांबरोबर मासे धरायला गेला आणि पकडला गेला. अबू नासेर ओरडला नाही, रागावला नाही. पुढची बोट निघाली तेव्हा कमाल तिच्यात होता. बाजारातल्या सगळ्या कोकण्यांना ही गोष्ट पाठ होती, आणि शफीकला तर जरा जास्तच.

आता डोंगरातली शेवटची संध्याकाळ ऐका, कारण सगळं पाप तिथलं. अबू नासेरनं एका बकऱ्यावर गोळी झाडली, ती चुकली. त्यानं खटकन दांडा मागेपुढे करून दुसरी गोळी आत घेतली, पुन्हा नेम धरला, तेवढ्यात बकरा दगडाआड गडप. म्हातारा चिडला. रायफल शफीकच्या हातात कोंबून म्हणाला, "खाली करके, साफ करके रखो," आणि तंबूत जाऊन पडला.

खाली करायची म्हणजे दांडा उचलून मागे ओढायचा. वलीला ते करताना शफीकनं दुकानामागे पाहिलं होतं. काडतूस आत असलं तर टुणकन उडून बाहेर येतं. पण ते उडताना फुटलं तर? शफीकनं दांड्याला हात लावला, काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. शेवटी त्यानं स्वतःची समजूत घातली की मालकानं ती गोळीसुद्धा झाडलीच असणार, आपण आवाज ऐकला नसेल. काय अक्कल! डोंगरात रायफल झाडली आणि ऐकू आली नाही म्हणे. भीती माणसाला असं काहीही पटवून देते.

राहिलं साफ करणं. पहिली रायफल त्यानं सकाळीच पुसली होती, तेव्हा बंदुकीच्या तेलाचा डबा त्याच्याच पायाने लवंडला होता आणि सगळं तेल रेतीत गेलं होतं. तेही मालकाला सांगायचं राहिलं. मग काय करायचं? थंडीत डोकं दुखू नये म्हणून हजरानं बरोबर खोबरेल दिलं होतं, तिच्या आईनं घरच्या नारळांचं घाण्यावरून काढून आणलेलं. आपल्याकडे बिजागरी कुरकुरली की खोबरेल, शिलाई मशीन अडलं की खोबरेल, पोराची टाळू भरायची तरी खोबरेल. शफीकनं दांडा न उघडताच, वरूनच, फटीफटीतून बाटली रिकामी केली. बंदूक पार न्हाऊन निघाली. वरून फडकं फिरवलं, चकचकीत केली आणि पेटीत घातली.

सकाळी अबू नासेरनं विचारलं, "दोनों खाली किया?"

"जी, किया," शफीक म्हणाला. एवढंच. माणूस रोज दहा वेळा "जी" म्हणतो, त्यातलंच एक.

विमानात बसल्यावर मात्र त्याला राहून राहून ती दुसरी रायफल आठवू लागली. पेटी खाली विमानाच्या पोटात, वर इतकी माणसं बसलेली, बायका, लेकरं. विमान हिंदकळलं की शफीक डोळे मिटून कलमा म्हणे. शेजारी अबू नासेर मजेत घोरत होता. त्याला उठवून सांगावं? सांगितलं की खोटं उघडं पडलं. खोटं उघडं पडलं की बोट. बोट म्हणजे हजरा या अवस्थेत डेकवर, उलट्या करत, सगळ्या आळीसमोर हात हलवत परत. नको. दोह्याला उतरू, दुकानात जाऊ, वली बरा झाला असेल, गुपचूप त्याच्याकडून उघडवून घेऊ, खलास. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते असं. एक लपवायला गेला की दुसरा उभा.

दोह्याला सकाळ थंडगार होती. उत्तरेचा वारा सुटला होता, हातापायाची बोटं बधिर करणारा. विमानतळाचं कस्टम म्हणजे तेव्हा पत्र्याची लांब शेड. मधोमध लाकडी टेबल, एका बाजूला धावपट्टीकडे उघडलेलं दार, दुसऱ्या बाजूला प्लायवूडची आडभिंत. भिंतीपलीकडे बाकं टाकलेली, घ्यायला आलेल्या माणसांसाठी.

टेबलामागे इकबाल होता. हा कुलाबा जिल्ह्यातला, श्रीवर्धनचा. शुक्रवारी नमाजानंतर दोघं एकाच चहावाल्याकडे बसत. बोलघेवडा, जीव लावणारा, पण कामात जरा फुशारकी. अबू नासेरला त्यानं अदबीनं सलाम केला आणि शफीककडे बघून डोळे मिचकावले.

"काय शफीकभाय, शिकारी झालात म्हणे! मारलंत काय? उंदीर?"

शफीक हसला. म्हणजे दात दाखवले.

बाहेर नेलेली हत्यारं परत आली की कस्टमनं दोन गोष्टी बघायच्या. नेली तीच आणली का, आणि रिकामी आहेत का. इकबालनं पहिली रायफल काढली, नंबर ताडून पाहिला, दांडा ओढला, आत डोकावला. रिकामी. दुसरी काढली. नंबर बरोबर. दांडा ओढला.

दांडा हलेना.

इकबालनं पुन्हा जोर लावला. मनगटाची शीर फुगली. दांडा जागचा हलला नाही.

"जाम झालंय हे. काय केलंत काय याला?"

 शफीकला एका क्षणात सगळं कळलं. हिवाळ्यात बाटलीतलं खोबरेल गोठतं हे कोकणातलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. डोंगरातली रात्र, विमानाचं थंड पोट, ही वाऱ्याची सकाळ. आत सगळं मेणासारखं घट्ट बसलं होतं, वर डोंगरातली धूळ.

"रेती गई होगी," अबू नासेर कंटाळून म्हणाला. "खाली है. शफीकने खुद खाली किया. यल्ला, घर जाने दो."

"खाली ना, शफीकभाय?" इकबालनं विचारलं.

आणि त्याच वेळी आडभिंतीपलीकडून खोकल्याचा आवाज आला. मग हसण्याचा. तो आवाज शफीकनं हजारांत ओळखला असता. हजरा! सांगून गेला होता की विमानतळावर येऊ नकोस, थंडी असते. पण ऐकेल ती हजरा कसली? शेजारच्या सुगराखालाला घेऊन आली होती. खाला काहीतरी सांगत होती आणि हजरा हसत होती, भिंतीला टेकून, अगदी पलीकडे.

"खाली ना?" इकबाल पुन्हा म्हणाला.

शफीकनं मान हलवली. हो अशी. मान आपोआप हलली, तिला तेवढीच सवय होती.

"मग चाप ओढून बघतो, झालं," असं म्हणून इकबालनं रायफल खांद्याला लावली. दाराकडून माणसं सामान घेऊन येत होती, म्हणून दाराकडे नळी धरली नाही. शहाणा ना तो! भिंतीकडे वळला. प्लायवूडच्या भिंतीकडे.

शफीकला ओरडायचं होतं. जीव तोडून ओरडायचं होतं. पण आवाजच फुटेना. स्वप्नात होतं तसं. या अल्ला, या अल्ला, एवढंच आत कुठेतरी चाललं होतं, आणि बाहेर फुंकरसुद्धा निघत नव्हती.

इकबालनं चाप ओढला.

आतून एक मंद, ओला आवाज आला. चिखलात पाय पडावा तसा. बाकी काही नाही. पलीकडे हजरा अजून हसत होती.

"खाली!" इकबाल म्हणाला आणि रायफल टेबलावर ठेवून त्यानं शिक्का मारला. "जा, घ्या पेट्या. भाभी केव्हाच्या येऊन बसल्यात."

सुटला की हो! खोटं पचलं, नोकरी वाचली, बोट चुकली. अबू नासेर खांद्यावरची पायघोळ अरबी बिश्त सावरत निघालासुद्धा. जाता जाता म्हणाला, "दोनों आज घर ले जाओ. तेल लगाकर कल दुकान पर लाना."

घरी. हजराच्या खोलीत. ही.

"अरबाब," शफीकनं मालकाला हाक मारली. आवाज त्याचा नव्हताच. "ठहरो. मैंने नहीं देखा. खाली नहीं किया. मैं झूठ बोला."

अबू नासेर थांबला. वळून बघत राहिला. इकबाल हसायला लागला होता, तो अर्ध्यात थांबला.

शफीकनं रायफल उचलली. जिला हात लावायला आठ दिवस थरथरत होता, तिला त्यानं लेकरासारखं उराशी घेतलं. माणसं बाजूला झाली होती. नळी उघड्या दारातून मोकळ्या रेतीकडे केली आणि दांड्याची बाजू सदऱ्याखाली उघड्या पोटाला लावली. लोखंड बर्फासारखं गार होतं. गोठलेलं तेल वितळवायला आई बाटली अशीच काखेत धरून बसायची. तो तसाच उभा राहिला, दोन्ही हातांनी आवळून. आत जे काही होतं ते आता आपल्या आतड्यांपाशी आहे हे त्याला ठाऊक होतं. दात वाजत होते. घाम फुटला होता आणि थंडीही वाजत होती. 

हळूहळू पोटावरून काहीतरी ओघळलं. शेडभर खोबरेलाचा वास सुटला, सणाच्या सकाळी न्हाणीघरात येतो तसा.

शफीकनं दांडा उचलला आणि मागे ओढला. काडतूस उडालं, टेबलावर पडलं, गरगरलं आणि थांबलं. अख्खं. पुढे गोळी तशीच बसलेली.

अबू नासेरनं ते उचलून उजेडात धरलं. काडतुसाच्या बुडाशी, बरोबर मध्ये, बारीकसा खळगा पडला होता. टाचणीनं टोचावं एवढा. चाप ओढला की काडतुसावर आपटतो त्या आतल्या खिळ्याचा जोर गोठलेल्या तेलातून वाट काढता काढता संपला होता. नाहीतर त्यानं आपलं काम चोख केलं असतं.

इकबालनं तो खळगा पाहिला, मग स्वतःचं बोट पाहिलं, आणि आहे तिथेच खाली बसला. "मी ओढला," तो म्हणाला. "शफीकभाय, मीच ओढला ना?" हे त्यानं तीनचारदा विचारलं.

अबू नासेर आडभिंतीला वळसा घालून पलीकडे गेला. शफीकला इथून दिसत नव्हतं, पण सुगराखालाचं बोलणं बंद झालेलं ऐकू आलं आणि बाकावरून कुणीतरी गडबडीनं उठल्याचं. म्हातारा परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता. बिश्त खांद्यावरून घसरली होती, तिचं त्याला भान नव्हतं.

"भरी हुई बंदूक मैंने तेरे हाथ में दी," तो म्हणाला. "कौन सा तेल था?"

"खोबरेल. नारियल का, अरबाब. आपका तेल मुझसे गिर गया था."

म्हाताऱ्यानं दोन्ही पेट्या स्वतःच्या हातानं बंद केल्या आणि स्वतःच उचलल्या. शफीक पुढे झाला तर त्याला कोपरानं बाजूला सारलं.

"अरबाब, बोट?" शफीकनं विचारलं. विचारल्याशिवाय राहवेना.

"कौन सी बोट?" अबू नासेर खेकसला. "कल सुबह दुकान खोल. और फिर कभी मुझसे डरकर जी मत बोलना, समझा?"

"जी," शफीक म्हणाला.

बाहेर हजरा ओढणी आवळून उभी होती. नाक थंडीनं लाल झालेलं. "तुमचे शेट आले, माझ्याकडे टकामका बघितलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि न बोलता गेले. डोकं बरं आहे ना त्यांचं? आणि हे काय, सदरा सगळा तेलकट! शी! बाटली फुटली की काय?"

"संपली," शफीक म्हणाला.

"संपली? आठ दिवसांत अख्खी? आईनं घाण्यावर बसून काढून घेतलेलं तेल, बाळाच्या टाळूला ठेवणार होते त्यातलं. डोक्याला लावलंत की प्यालात?"

शफीकला सांगायचं होतं. पण त्यानं नुसता तिच्या पोटावर हात ठेवला, तेलकट, भर रस्त्यात, सुगराखालासमोर, आणि हमसून हमसून रडायला लागला. हजरा लाजून मेली. लोक बघत होते.

"अहो, असू दे. तेलासाठी कुणी रडतं का?" ती त्याची पाठ चोळत म्हणाली. "आईला सांगते, पुढच्या बोटीनं आणखी पाठवेल."