तीन तोरणा, त्यातली मी कोणती?

मी तोरणा बोलतेय. आता तुम्ही विचाराल, कुठली तोरणा? बरोबर आहे तुमचं. अलीकडे मलाही तोच प्रश्न पडतो. पुण्यातल्या इनामदारांच्या घरात या नावाच्या तीन गाड्या आल्या. तिघींच्या पाठीवर नाव एकच, आणि तोंडं मात्र अशी की सख्ख्या बहिणी म्हणून कुणी ओळखणार नाही. मी त्यातली पहिली. परवापरवापर्यंत तरी होते. आता मी नक्की कोण, हे सांगताना माझाच गोंधळ उडतो, म्हणून सुरुवातीपासूनच सांगते.

माझा जन्म चाकणच्या बाजूला एका कारखान्यात झाला. जाहिरातीत मला डोंगर चढताना दाखवलं होतं. आयुष्यात मी चढले तो दिवेघाट, तोही ट्रकच्या मागे. पण बांधा उंच होता, मागच्या दारावर स्टेपनी होती आणि डिझेलचं इंजिन सुरू झालं की गल्लीतली मांजरं उठून दुसरीकडे जायची. चार खिडक्या, सहा स्पीकर, एक रेडिओ. तेवढ्यावर लोक मला बघायला यायचे, खोटं नाही सांगत.

मला घ्यायला आले ते इम्तियाजभाई आणि त्यांच्या पत्नी परवीनभाभी. शोरूमच्या माणसाने सवयीने माझ्या चाकाखाली लिंबं ठेवली, नारळही फोडला. भाभींनी मनातल्या मनात दुवा म्हटली आणि माझ्या बॉनेटवर हात फिरवला. दोन्हीकडून बंदोबस्त झाल्यावर आम्ही निघालो. मला वाटलं घरी जाऊ. पण इम्तियाजभाईंनी मला थेट नाना पेठेतल्या आपल्या दुकानात नेलं.

त्यांचं दुकान सीट कव्हरचं. त्यांच्या वडिलांनी घोडागाडीच्या गाद्या शिवल्या होत्या, यांनी मोटारींच्या. माझ्या सीटवरचं प्लास्टिक निघालं आणि खालचं फिकट राखाडी कापड दोन मिनिटं उघडं पडलं असेल नसेल, तेवढ्यात त्यावर तपकिरी रेक्झिनची कव्हरं चढली. मागून इलॅस्टिक ताणून हूक बसवले. भाईंनी सीटवर थाप मारली आणि म्हणाले, ‘आता ही झाली गाडी.’ मग आधी काय होते कोण जाणे.

तुम्ही माणसं नवी वस्तू आणता आणि आधी तिला झाकता. रिमोटला पिशवी, सोफ्याला चादर, फोनला कव्हर आणि त्या कव्हरवर आणखी काहीतरी. आमच्या भाईंचं तर पोटच त्यावर होतं. शोरूममधून निघालेली प्रत्येक गाडी पहिल्यांदा त्यांच्याकडे यायची. गिऱ्हाईक विचारायचं, कव्हर किती वर्षं टिकेल? भाई म्हणायचे, तुम्ही किती वर्षं बसणार त्यावर आहे. गिऱ्हाईक ओशाळायचं आणि कव्हर घ्यायचं.

काही वर्षांनी भाईंनी घरपोच फिटिंग सुरू केलं. लोकांना दुकानापर्यंत यायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर नाना पेठेत गाडी लावायला जागाही नव्हती. हे काम भाभींनी अंगावर घेतलं. शिवायला त्या पहिल्यापासून होत्या, फिटिंगचा हात त्यांचा भाईंपेक्षा चांगला. अडचण एकच होती, त्यांना गाडी येत नव्हती.

शिकवायला आले शेजारचे कोंडीराममामा. मूळचे यवतमाळकडचे, सगळी नोकरी स्वारगेट डेपोत बस चालवण्यात गेलेली. त्यांना लहान गाडी चालवणं ही चालवण्याची गोष्टच वाटत नसे. भाभी स्टिअरिंग घट्ट धरून बसायच्या आणि मामा शेजारी डोळे मिटून. रिक्षा आडवी आली की डोळे न उघडता म्हणायचे, ‘जाऊ द्या तिले, तिले घाई हाय.’ पहिल्या आठवड्यात भाभींनी माझा क्लच जाळत आणला आणि एका दूधवाल्याच्या कट्ट्याला मला घासलं. मला राग यायला हवा होता, पण त्या खाली उतरून ओरखड्यावर ओढणी फिरवत बसल्या, तेव्हा काय करावं तेच मला कळेना.

मग मात्र आम्ही दोघी सुटलो. मागची सीट सपाट पाडायची, कव्हरांचे गठ्ठे, हुकांचा डबा, पाण्याची बाटली, आणि निघायचं. बाणेर, खराडी, हिंजवडी. हिंजवडीच्या पुलावर तर आमची निम्मी जिंदगी गेली. त्या रांगेत भाभी डबा खायच्या, बहिणीशी फोनवर बोलायच्या, कधी गाणं म्हणायच्या. घरी त्या कधी गात नसत. मी ऐकून घ्यायचे.

अशात दुसरी तोरणा आली. भाईंचा धाकटा भाऊ फैझल कोंढव्यात राहतो, त्याने घेतली. दारात उभी राहिली तेव्हा मी तिच्या पाठीवरचं नाव वाचलं आणि गार पडले. नाव माझं! पण ही बुटकी, गुळगुळीत, डोळे बारीक करून बघणारी. स्टेपनी पाठीवर नाही, पोटाखाली लपवलेली. मागे घेताना बघायला कॅमेरा. आवाज तर इतका हळू की मांजर तिच्याखालीच झोपलं होतं. फैझल सगळ्यांना सांगत होता की आता कुठे तोरणा खरी जमलीय. म्हणजे मी काय होते, कच्चं लिखाण? त्यातल्या त्यात समाधान एवढंच की तिलाही भाईंनी कव्हरं घातली. कव्हर बेतायचा फर्मा मात्र नवीन कापावा लागला, माझा तिला होईना.

आणि आता तिसरी. भाईंची मुलगी सुहाना हिंजवडीत नोकरी करते. तिने फोनवर दाखवली, अब्बा बघा, नवीन जनरेशन. टेस्ट ड्राइव्हच्या दिवशी तिला आमच्या गल्लीत आणून माझ्याशेजारीच उभी केली. मी वळून वळून बघितलं. हिला किल्ली लावायला भोक नाही. हँडब्रेक ओढायचा नाही, बटण दाबायचं. छताला काच, समोर टीव्हीएवढा पडदा. स्टेपनी तर नाहीच, पंक्चर झालं तर बाटलीतलं कसलंसं औषध चाकात भरायचं. लेनच्या बाहेर गेलात की ती स्वतःच स्टिअरिंग ओढते. पुण्यात लेन कुठे आहे ते तिला कोण सांगणार? मी तिला हळूच विचारलं, बाई, तू माझी कोण? ती म्हणाली, कृपया सीटबेल्ट लावा.

सगळ्यात चमत्कारिक म्हणजे तिच्या सीट. बसलं की खालून गार हवा येते. सीटच्या कुशीतच एअरबॅग शिवलेली. शोरूमच्या पोराने भाईंना बजावून सांगितलं की हिला वरून कव्हर घालायचं नाही, हवा अडते आणि वेळ आली तर एअरबॅग उघडणार नाही. सीट कव्हरवाल्या इम्तियाजभाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि तीच गाडी बुक केली. मी आजवर पुष्कळ माणसं वाहिली, पण हे काही मला उमगलं नाही.

मला एक्स्चेंजमध्ये द्यायचं ठरलं. माझी पंधरा वर्षं भरत आली होती, पुन्हा पासिंग करायची कटकट नको, असं सुहानाचं म्हणणं. तिचं काही चूक नव्हतं. पण माझ्याबरोबर आणखी एक गोष्ट जाणार होती. भाभींचं काम. नव्या गाडीत रेक्झिनचे गठ्ठे भरायचे नाहीत, तिचं आतलं सगळं पांढरं आहे, हे भाईंनी आधीच सांगून टाकलं होतं. वर म्हणाले, नव्या गाड्यांना कव्हर लागतंय कुठे, आता फिटिंग कमीच होणार, तू दमलीसही. त्या दिवशी हिंजवडीच्या रांगेत भाभींनी गाणं म्हटलं नाही.

नवी यायच्या आधी नंबर गेला. भाईंना माझा नंबर लाभाचा वाटे, म्हणून रीतसर अर्ज करून त्यांनी तो नव्या गाडीसाठी ठेवून घेतला. माझ्या पाट्या निघाल्या. मला आरटीओचा दुसरा कुठलातरी नंबर मिळाला, तो अजून मला पाठ झालेला नाही. नाव तिचं, नंबर तिचा, गेटच्या आतली जागाही तिची. मी बाहेर भिंतीला. आमचा नेहमीचा भाजीवाला नंबर बघून नव्या गाडीपाशी थांबला आणि तिलाच म्हणाला, काय म्हातारे, रंगवून आलीस काय. मी इथे आहे रे बाबा, असं मी ओरडले, पण माझी बॅटरी भाईंनी आधीच काढून घरात ठेवली होती.

रविवारी दुपारी एक्स्चेंजवाला येणार होता. सकाळी भाई आपली हत्यारं घेऊन आले. आधी ते नव्या गाडीत बसले. उठले, पुन्हा बसले. हाताने सीट चाचपली, शिवण बघितली, मान हलवली. उघड्या सीटवर बसायची सवयच नव्हती त्या माणसाला, जरा अंग चोरून बसल्यासारखे दिसत होते. खरं सांगते, मला त्यांची दया आली. मग ते माझ्याकडे वळले. माझी कव्हरं अजून चांगली होती, ती फुकट कशाला द्यायची म्हणून ती काढून घ्यायला आले होते.

हूक गंजले होते, पण निघाले. एकेक कव्हर खाली पडलं. आणि भाई थांबले. खालचं फिकट राखाडी कापड जसंच्या तसं होतं. डाग नाही, सुरकुती नाही, नव्या कापडाचा तो कोरा वासही होता. मलाच धक्का बसला. माझं हे अंग मी विसरूनच गेले होते.

भाभी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या होत्या. त्यांनी तांब्या भिंतीवर ठेवला, दार उघडलं आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या. हात सीटवर ठेवला.

‘अहो,’ त्या म्हणाल्या, ‘सुहाना हिच्यातून शाळेत गेली. तुमच्या अम्मींना दवाखान्यात हिच्यातूनच नेलं. मी रोज हिच्यात बसते. आपल्यापैकी एकाचं अंग या कापडाला लागलं नाही. एवढं जपलं ते कोणासाठी? दुपारी येणार त्या एक्स्चेंजवाल्यासाठी?’

भाईंनी हातातला हूक उलटसुलट करून बघितला. म्हणाले, धंद्याची सवय. गाडी विकताना सीट नवी दिसली पाहिजे, लोकांना हेच तर सांगत आलो मी. आवाज त्यांचा अगदी बारीक झाला होता.

भाभी म्हणाल्या, ‘मग विकूच नका. नव्या गाड्यांना कव्हर नको, कबूल. पण जुन्या काय हवेत विरल्या? अख्खी हिंजवडी सेकंडहँड गाड्या घेतेय, त्यांची फाटलेली कव्हरं कोण बदलणार? मी दमले नाही. पासिंग मी करून आणते, कोंडीराममामांना घेऊन जाते. ती तुमची, ही राहू दे मला.’

सुहाना मध्ये पडली, एक्स्चेंजचा बोनस जाईल म्हणाली. भाई तिच्याकडे बघत म्हणाले की जाऊ दे, तुझ्या अम्मीने मागून घेतलेली ही पहिलीच वस्तू आहे. मग त्यांनी घरात जाऊन माझी बॅटरी आणली आणि स्वतः बसवली. कव्हरं पुन्हा चढवायला घेतली, तर भाभींनी ती हातातून काढून घेतली.

झालं ते असं. आता मी आहे. पण कोण आहे, ते मला विचारू नका. नाव दुसऱ्या दोघींना वाटून गेलं, नंबर गेला, आणि पंधरा वर्षं ज्या रेक्झिनला मी माझी कातडी समजत होते तेही गेलं. या तीन पिढ्यांत नेमकं काय सुधारत गेलं, हेही मला सांगता येणार नाही. तिसरी थंड हवा देते, दुसरी आवाज करत नाही, मी दोन्ही करू शकत नाही. राखाडी कापडावर आता चहाचा एक डाग पडलाय. भाभींनी तो पुसायचा प्रयत्न केला आणि मग सोडून दिला. तुमच्या घरात असं काही झाकून ठेवलं असेल, तर एकदा उघडून त्यावर बसून घ्या, एवढंच माझं मागणं.

काल आम्ही हिंजवडीला एका मोठ्या सोसायटीत गेलो होतो. गेटवरचा वॉचमन नवीन होता. त्याने माझ्या पाठीमागे जाऊन पाहिलं. नावातली दोन अक्षरं पडलीत, त्याला नाव काही लागेना. तो पुढे आला आणि त्याने विचारलं, ‘मॅडम, गाडी कोणती म्हणून सांगू वर?’

भाभींनी पहिला गिअर टाकला.

‘माझी म्हणून सांग,’ त्या म्हणाल्या.