कीप शब्दाचं पान

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे आणि माझा मुक्काम देव्हाऱ्यात आहे. हसू आलं ना? येऊ द्या. पहिली दोन वर्षं मलाही यायचं.

जन्म माझा पुण्यातल्या एका छापखान्यातला. तिथल्या कामगारांनी माझ्या कागदाच्या गठ्ठ्यांवर बसून भजी खाल्ली. बांधणीवाल्या बाईनं खळीनं बरबटलेल्या हातांनी मला शिवलं. तेव्हा मला कोणी देव म्हटलं नाही, आणि माझं काही बिघडलंही नाही. अकराशे पानं, निळा कापडी पुठ्ठा, पोटात साठ हजार शब्द. आम्हा कोशांचं एक उलटंच असतं बघा. अवघड शब्द एका ओळीत उरकतो, पण साधा शब्द आला की आमचा जीव मेटाकुटीला येतो. 'कीप' हा शब्द घ्या. पाचवीच्या पोरालाही येतो. पण माझ्याकडे त्यानं अख्खं पान व्यापलंय आणि वर पुढच्या पानावर पाय पसरलेत. ठेवणं, राखणं, पाळणं, जपणं, टिकणं, चालू ठेवणं, अडवून धरणं, लांब ठेवणं... असे एकतीस अर्थ.

१९९२ साली बारामतीच्या एका दुकानातून दादासोंनी मला विकत घेतलं. हे इंदापूर तालुक्यातल्या शेळगावचे. पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखणारं घर, पण त्याच वर्षी शेवटचा कळप विकून त्यांनी वांगी आणि टोमॅटो लावले होते. मुलगा यशराज पाचवीत गेला होता, इंग्रजी सुरू झालं होतं. दुकानदाराला म्हणाले, "सगळ्यात जाड असंल त्ये द्या."

घरी आल्यावर त्यांच्या बायकोनं, सिंधुबाईंनी, हात धुऊन मला घेतलं. "विद्या हाय ती. पायाखाली याया नको," म्हणाल्या. माझ्या पुठ्ठ्यावर भंडारा उधळला आणि देवांच्या टाकांशेजारी मला ठेवून दिलं. दसऱ्याला झेंडूची माळ. झालं, मी देव झालो! ज्याच्यासाठी मला आणलं त्या यशराजनं मला एकदाच उघडलं. च्युइंगमच्या पुडीतून निघालेलं क्रिकेटवाल्याचं चित्र चिकटवायला.

खरं उघडलं ते नकोशीनं. ही यशराजची दोन वर्षांनी मोठी बहीण. दोन मुलींवर तिसरीही मुलगीच झाली, तेव्हा आता पुरे हे देवाला कळावं म्हणून तिचं हे नाव ठेवलं. साठ हजार शब्दांचा धनी मी, पण पोटच्या पोरीला असं नाव देणाऱ्यांना काय म्हणावं, तो शब्द माझ्याजवळ नाही.

संध्याकाळी देवापुढं दिवा लावायचं काम तिचं. दिवा लावायची आणि मला खाली काढून तिथंच मांडी घालून बसायची. शाळेत विजयमालाबाई इंग्रजी शिकवायच्या. त्यांनी सांगितलं होतं, कीप म्हणजे ठेवणे. धड्यात वाक्य आलं, मेंढपाळ मेंढरं कीप करतो. पोरगी अडली. मेंढरं काय डब्यात ठेवत्यात? तिनं मला उघडलं आणि त्या पानावर बोट फिरवत बसली ती जेवणाची हाक येईपर्यंत.

जेवताना बापाला म्हणाली, "आबा, तुमी मेंढरं राखायचा न्हवं? त्येला बी कीपच म्हणत्यात."

"व्हय? आन् शबूद पाळला तर?"

"त्येला बी कीप."

"दूध नासलं न्हाय, टिकलं तर?"

"त्येला बी कीपच!"

"आयला, लई कामाचा गडी हाय की ह्यो," म्हणत दादासो इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग रोज रात्री जेवताना तो खेळच झाला. खोटं कशाला बोलू, मला त्या घरात बरं वाटायचं ते तेवढ्याच वेळी. तीन वर्षांत त्या पानाचा कोपरा तिच्या बोटांनी काळा झाला. तो डाग मी आजही मिरवतो.

ती दहावीत गेली आणि दोन गोष्टी एकदम आल्या. पळसदेवहून तिला मागणी आली. आणि विजयमालाबाईंनी एका परीक्षेची बातमी आणली. दहावीच्या मुलींनी इंदापूरला जायचं, एका इंग्रजी उताऱ्याचं मराठी करायचं. शब्दकोश ज्याचा त्यानं आणायचा. पहिल्या दोन मुलींचं बारामतीत अकरावी-बारावीचं शिक्षण आणि वसतिगृह फुकट. शाळेचा एकुलता एक कोश वाळवीनं खाल्लेला, त्यामुळं सगळी भिस्त माझ्यावर. दादासो म्हणाले, "नंबर आण. मग बघतो कोण तुझं लगीन लावतंय. न्हाय आला, तर मात्र पळसदेवला होकार कळवणार." नकोशीनं मान डोलावली. महिनाभर ती माझ्यासकट झोपेतून उठायची म्हणा ना!

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी तिला पाळी आली.

त्या घरात चार दिवस बाईनं देव्हाऱ्याला शिवायचं नाही. आणि मी कुठं होतो? देव्हाऱ्यात. सकाळी एसटीची वेळ झाली तशी ती उंबऱ्याबाहेर दप्तर घेऊन उभी राहिली. "आई, पुस्तक हाय गं त्ये, देव न्हाय."

"भंडारा लागलाय त्येला," सिंधुबाई म्हणाल्या. "चार वरसं पूजलाय. तुझ्या पायी माझ्या पोराला काय झालं म्हंजी?"

बाई दुष्ट नव्हत्या हो. यशराज तीन महिन्यांचा असताना मरता मरता वाचलेला. तेव्हापासून त्यांच्या मनात जी भीती बसली, ती उठलीच नाही.

"आबा, तुमी काढून द्या," नकोशी म्हणाली. "मी हात न्हाय लावत. पिशवीत घाला. तितं बाई पानं उलटत्याल."

दादासो आले. त्यांनी हात वर केला. त्यांची बोटं माझ्या पुठ्ठ्याला लागली. मी मनात म्हणालो, उचला, अहो उचला! एवढ्यात मागून सिंधुबाई म्हणाल्या, "पोराला कमीजास्त झालं तर तुमी जबाबदार." बोटं थांबली. मग माझ्यावरची झेंडूची वाळलेली पाकळी तेवढी त्यांनी उचलली आणि म्हणाले, "बायकांच्यातलं मला काय कळत न्हाय." आणि मोटार चालू करायला मळ्यात निघून गेले. एवढा संताप मला जन्मात आला नव्हता. ज्याच्या पोटात शब्दांची रास, त्याला तोंड नसावं, ही कसली थट्टा?

नकोशी रिकाम्या दप्तरानं गेली.

निकाल सांगायला विजयमालाबाई स्वतः घरी आल्या. "तिसरी आली. दोन शब्दांवर अडली हो. कोश का आणला नाहीस विचारलं, तर म्हणाली, विसरले. एवढी हुशार मुलगी, अशी कशी विसरली?"

सिंधुबाईंनी पदर तोंडाला लावला. दादासो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसले. आपल्या घराचं हसं होऊ नये म्हणून पोरीनं दोष स्वतःवर घेतला होता, आणि खरं काय ते दोघांपैकी एकानंही सांगितलं नाही. आतल्या खोलीत नकोशी भाकऱ्या थापत होती. थापण्याचा आवाज एकदाही चुकला नाही.

मे महिन्यात तिचं लग्न झालं. पुढं यशराजनं दहावीला इंग्रजीत गटांगळी खाल्ली, तेव्हा सिंधुबाईंनी मला नारळ फोडला. बोला आता!

लग्नानंतर तिसऱ्या पंचमीला नकोशी माहेरी आली. कडेवर वर्षाची लेक, सृष्टी. घरात आल्या आल्या ती माझ्यापुढं उभी राहिली. मला वाटलं, आता हात पुढं करील, ते पान काढील. तिनं लांबूनच हात जोडले. कडेवरची पोर मात्र माझ्या निळ्या पुठ्ठ्याकडे झेपावली. इवलीशी बोटं माझ्यापासून वीतभर अंतरावर आली, आणि नकोशीनं तिचं मनगट पकडलं.

"हात लावू न्हाय बाय," ती म्हणाली. "देव हाय त्यो."

पोर रडायला लागली. नकोशी तिला थोपटत बाहेर अंगणात गेली.

मित्रांनो, जुन्या पुस्तकांची निगा राखा, असं शेवटी सांगायची रीत आहे. मी नाही सांगणार. माझी निगा फार राखली लोकांनी, आणि त्यापायी एका पोरीचं वाटोळं झालं. तुमच्या घरात असं हारतुऱ्यातलं एखादं पुस्तक असेल, तर ते आजच खाली काढा. हात मळके असू देत, खरकटे असू देत, पाळीतल्या पोरीचे असू देत. पानं फाटली तरी चालतील. फक्त कुणी हात पुढं केला, तर त्याचं मनगट धरू नका.