दोन थापांवरचा भरवसा

आपण काम करत असताना पाठीमागे कुणी बघत उभं राहिलं की आपल्याला आवडत नाही. खरं की नाही? मग ट्रक चालवणाऱ्यांनाच ते का आवडावं!

एका माल वाहतूक कंपनीच्या ऑफिसात याच गोष्टीवरून धुसफूस चालली होती. मालकांनी सगळ्या ट्रकना मागे कॅमेरा बसवला, ड्रायव्हरसमोर छोटा पडदा लावला. शिवाय गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, हे ऑफिसात दाखवणारं यंत्रही जोडलं. तीन आठवड्यांत निम्म्या पडद्यांवर टोप्या नि टॉवेल लटकू लागले! या बंडाचे पुढारी होते आरसेमामा.

“दोन आरसे आणि दोन कान, बास! बाकी सगळे नखरे,” असं ते येताजाता म्हणायचे, म्हणून हे नाव पडलं. सत्तावीस वर्षं गाडी चालवली, कुणाला ओरखडा नाही. नवे ड्रायव्हर त्यांच्याच हाताखाली शिकलेले. मामांनी पडदा झाकला म्हणजे त्यांनीही झाकला.

गाड्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ताई एका सकाळी मामांच्या केबिनपाशी आल्या.

“मामा, पडद्यावर टोपी का टांगलीय?”

“सर्दी होईल त्याला.”

“चेष्टा नको हं.”

“मग ऐका. परवा टायर बघायला थांबलो, लगेच तुमचा फोन. ‘का थांबलात?’ चहाला थांबलो, पुन्हा तेच. अहो, सासूसुद्धा एवढी चौकशी करत नाही!”

ताई ओशाळल्या. ते फोन त्यांनीच केले होते.

“ते माझं चुकलंच,” त्या म्हणाल्या. “पण मागच्या कॅमेऱ्यानं काय घोडं मारलंय? तो तर फक्त तुम्हालाच दाखवतो. मला सांगा, गाडीच्या अगदी मागे माणूस असला तर आरशात दिसतो?”

“नाही दिसत. म्हणून तर आपला पैलवान आहे.”

पैलवान म्हणजे मामांच्या गाडीवरचा हमाल. अंगानं काडी, म्हणूनच हे नाव! माल उतरवायच्या धक्क्याशी गाडी मागे घेताना तो आधी लाकडी ठोकळा ठेवायचा, म्हणजे चाक तिथेच अडायचं. मग बाजूला होऊन गाडीच्या अंगावर दोन थापा मारायचा. दोन थापा म्हणजे ‘या मागे’. वर्षानुवर्षं दोघांचं काम असंच चाललं होतं.

“आज मी शेजारी बसते,” ताई म्हणाल्या. “माल उतरेपर्यंत टोपी काढा. नंतर हवी तर पुन्हा टांगा.”

“बसा की!” मामांनी टोपी काढली. “गाडी मागे कशी घ्यायची असते तेही बघा.”

धक्क्यावर तीन गाड्या शेजारी शेजारी लागत होत्या. नुसता गोंगाट! पैलवान ठोकळा घेऊन मागे गेला. मामांनी पडद्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांची नजर आरशात होती, कान मागे. धप, धप! दोन थापा झाल्या. मामांनी क्लच सोडला, गाडी हलली.

“थांबा! मामा, थांबा!” ताई किंचाळल्या.

मामांनी ब्रेक दाबला आणि पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर पैलवानाची वाकलेली पाठ दिसत होती. गाडीपासून जेमतेम हातभर!

मामा कसेबसे खाली उतरले. “पैलवान, थाप... थाप मारलीस ना तू?”

“मी कुठं? हा मेला ठोकळा अडकलाय. ती थाप पलीकडच्या हमालानं मारली, त्याच्या गाडीवर. का हो, तोंड असं का पांढरं पडलंय?”

मामांनी त्याचे दोन्ही हात घट्ट धरले आणि भर धक्क्यावर ते ढसाढसा रडले.

“ताई, माझे कान कधी चुकले नव्हते हो!”

“कान आजही चुकले नाहीत, मामा. थापा झाल्याच होत्या. पण कुणाच्या गाडीवर, ते कानांना कसं कळणार? तुमच्या हाताला कुणी नावं ठेवत नाही. पण जी जागा दिसतच नाही, तिथे तो हात काय करणार? दिसायलाच हवं ना!”

दुसऱ्या दिवशी सगळे ड्रायव्हर जमले. मामांनी काहीएक न लपवता झालेला प्रकार सांगितला.

“पण ऑफिसातून पाळत ठेवतात त्याचं काय?” एकानं विचारलं.

ताई उभ्या राहिल्या. “थांबलात म्हणून यापुढे जाब विचारणार नाही. उलट बराच वेळ न थांबता चालवत असलात तर फोन करीन, ‘थांबा, पाय मोकळे करा’ म्हणून. वेग वाढवलात तर मात्र बोलणी खाल!” मालकांनीही मान डोलावली.

“मामा, तुम्हीच पडद्यात बघायला लागलात तर लोक हसतील की,” एक तरुण ड्रायव्हर म्हणाला.

“हसू देत,” मामा म्हणाले. “काल संध्याकाळी मी पैलवानाच्या घरी गेलो होतो. त्याच्या लेकीनं पाणी आणून दिलं. म्हणाली, ‘काका, तुम्ही गाडीवर असलात की आम्हाला बाबांची काळजी नसते.’ तो घोट घशाखाली कसा उतरला, माझं मला माहीत!”

एकेक जण उठला आणि आपापल्या गाडीकडे गेला. दुपारपर्यंत एकही पडदा झाकलेला राहिला नाही.

वाचकहो, अनुभवाचा अभिमान जरूर बाळगा, तो कष्टानं मिळवलेला असतो. पण त्या अभिमानापायी दुसऱ्याचा जीव टांगणीला लावू नका. आणि ज्यांच्या हाती देखरेख आहे त्यांनीही कामकऱ्याला धाक घालण्याआधी त्याला सांभाळावं. आपल्याला न दिसणाऱ्या जागी कुणाचा तरी बाप वाकून काम करत असतो!