जीपमधले मोठे बाबा

संध्याकाळी सहा वाजता ‘फेट्याचा मान’ जगापुढे जाणार होता, आणि दुपारी तीनपासूनच अपेक्षा जिन्याकडे डोळे लावून बसली होती.

दीड वर्ष तिने आणि नोमानने गारखेड्यातल्या घराच्या गच्चीवरील खोलीत हा गेम घडवला होता. डोळ्यांवर हेडसेट चढवला की खेळणारा थेट लग्नमंडपात उभा राहतो. पाहुण्यांना मानाच्या क्रमाने फेटे बांधायचे. क्रम चुकला की पाहुणा फुगतो, अगदी फुग्यासारखा, आणि मंडपाच्या छताला जाऊन चिकटतो. खेळून पाहणाऱ्यांची हसून हसून पुरेवाट झाली होती.

शेवटच्या टप्प्यात एक म्हातारा जीपमध्ये रुसून बसतो. त्याला आवाज होता कन्नड गावच्या कारभारींचा, म्हणजे अपेक्षाच्या मोठ्या बाबांचा, तिच्या थोरल्या काकांचा. आवाज देताना त्यांनी अट घातली होती : बाहेर जायच्या आधी मला दाखवायचं, आणि मी नको म्हटलं तर नको. आवाज घेताना अपेक्षाने मात्र जीपची गोष्ट लपवली होती. तो रुसवाही त्यांचाच होता. सात वर्षांपूर्वी तिच्या ताईच्या लग्नात व्याह्यांनी पहिला फेटा धाकट्या भावाला, अपेक्षाच्या वडिलांना, पुंडलिकरावांना बांधला; आणि त्यांनी तो मुकाट बांधून घेतला. कारभारी जीपमध्ये जाऊन बसले, ते अक्षता पडल्या तरी उतरले नाहीत. तेव्हापासून दोघा भावांत बोलणे नव्हते.

आजही कारभारी बाहेरच्या जिन्याने वर आले. खालच्या, भावाच्या घराचा उंबरा त्यांनी ओलांडला नाही.

“दाखीव तुझा तमाशा. साडेचारची एस्टी हाय मला.”

“चाचा, टोपी निकालो. पट्टा बैठता नै,” नोमान म्हणाला.

“बोडक्यानं लग्नात जाऊ व्हय रं?” असे म्हणत त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

पहिल्या टप्प्याला ते खदखदून हसले. दुसऱ्यात पाहुण्यांना रागे भरले. मग जीप आली, आणि स्पीकरमधून त्यांचाच आवाज घुमला, “मी उतरणार नाय!”

कारभारींचे हसू मावळले. पडद्यावर त्यांचे आभासी हात फेटा पुढे करीत होते. म्हाताऱ्याने तोंड फिरवले. पाणी दिले, विडा दिला, हात जोडले. “मी उतरणार नाय!” शेवटी बँडवाल्यांनी जीपच उचलून मंडपात आणली आणि टप्पा सुटला.

“जीत गये चाचा!”

“खोटं हाय हे.” हेडसेट न काढताच ते बोलले.

“काय चुकलं, मोठे बाबा?” अपेक्षाने भीत भीत विचारले.

“उचलून आणल्यानं माणूस उतरत असतो का? समदा गाव आला होता मनवायला. ज्यानं आधी बांधून घेतला, त्यो तेवढा नाय आला.” थोडे थांबून ते म्हणाले, “माझा आवाज काढून टाक, पोरी.”

अपेक्षाने नोमानकडे पाहिले. दीड वर्षाची मेहनत गेली, हे त्याच्याही चेहऱ्यावर उमटले होते.

तेवढ्यात दाराशी चाहूल लागली. स्पीकरमधला तो आवाज जिन्यावरून खाली गेला होता, आणि पुंडलिकराव अनवाणीच वर आले होते. कोणाकडे न बघता त्यांनी टेबलावरची टोपी उचलली, हाताने झटकली आणि थोरल्या भावाच्या डोक्यावर, हेडसेटच्या पट्ट्यावरच, दोन्ही हातांनी ठेवली.

“दादा, उतर आता.”

कारभारींचा हात वर गेला. आधी टोपी चाचपली, मग ते हात.

“लई उशीर लावलास,” ते म्हणाले. “पोरी, हे असं कर गेममधी. मंग सोड बाहेर.”

नोमानने पडद्यावर गेम बाहेर जायची तारीख दोन दिवस पुढे ढकलली. अपेक्षाने माईक वडिलांपुढे धरला.

“बाबा, परत एकदा म्हणा. तेच.”

पुंडलिकराव माईककडे बघून मागे सरले.

“म्हण की,” टोपी सावरीत कारभारी गुरगुरले. “माझ्याकडनं तीन दुपारा म्हणवून घेतलं हिनं.”