पायडलवरची परकी पावले

मित्रांनो, मी एक जुने शिलाई मशीन आहे. अंगावरची सोनेरी वेलबुट्टी केव्हाच उडाली, पण टीप अजून सरळ पडते. कारखान्यात माझे भाग जोडणाऱ्या कारागिराने चाक फिरवले, कान लावला आणि म्हणाला, "पोर गुणी आहे." त्या एका शब्दावर मी पुष्कळ वर्षे जगले.

पुढे मी कपडे शिवणाऱ्या एका बाईंकडे आले. त्यांची बहीण त्यांना ताई म्हणे, म्हणून मीही ताईच म्हणते. बाहेरच्या खोलीत, खिडकीशी माझी जागा होती. ताईंचा पाय हलका. गणवेश, परदे, उशांचे अभ्रे, सारे आम्ही दोघींनी शिवले. लोक म्हणत, "तुमच्या हाताला तोड नाही." तेव्हा ताई हसून माझ्याकडे बोट दाखवत.

मग एका दुपारी माझ्या पायडलवर परका पाय पडला.

स्टूल तेच, बांगडी तीच. पण पाय जड होता, आणि नेहमी उजव्या हातात असणारी कात्री डाव्या हातात होती. "हलायचं नाही," घोगऱ्या आवाजात मला हुकूम झाला. एका बैठकीत करडा कोट शिवून झाला. दिवेलागणीला ताईंनी तो खुंटीवर पाहिला आणि विचारले, "हा कोणी शिवला?" घरात त्या आणि त्यांची शाळकरी मुलगी, दोघीच राहत.

कोटाचे गिऱ्हाईक आले तेव्हा म्हणाले, "मापं घेताना तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. रागावला होतात का?" ताईंना ते गिऱ्हाईक आठवतच नव्हते. त्यांनी हसून वेळ मारून नेली.

आणखीही कोणी येई. तिची नुसती बोटांची टोके पायडलला टेकत. ती चिंध्यांना चिंध्या जोडी आणि मला हळूच विचारी, "ते गेले का?" ते कोण, मला आजही ठाऊक नाही.

एकदा मुलगी म्हणाली, "आई, काल मी शाळेतून आले तर तू टेबलाखाली बसली होतीस. मला म्हणालीस, 'तू कोण गं?'"

ताईंच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी माझ्यावर चादर टाकली, जणू भूत माझ्यातच होते. काळोखात माझे तेल सुकले, सुई गंजली.

शेवटी बहीण म्हणाली, "ताई, मशीन झाकून काय होणार? चल, डॉक्टरांकडे जाऊ."

परत आल्यावर ताई चादर काढून मला म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाल्या, लगेच नक्की सांगता येत नाही. पण लहानपणी सोसवत नाही असं काही झालं, तर मनाचे असे वेगळे भाग होऊ शकतात. म्हणजे त्या माझ्यातच राहतात गं."

"मग आता?" बहिणीने विचारले.

"आता काय. कोणाला हाकलू? आणि हाकलल्यावर मी तरी किती उरेन?"

उपचार सुरू झाले, बहीण मुक्कामाला आली. ताई कामाला बसण्याआधी मोठ्याने बोलू लागल्या. "जी कोणी येईल तिनं ऐकावं. कात्री कपाटात राहील. माझ्या लेकीला घाबरवायचं नाही." मग त्या कामाला लागत.

एके सकाळी मात्र त्यांच्याच तोंडून घोगरे उत्तर आले, "बरं."

ताईंनी तो आवाज प्रथमच ऐकला. त्यांच्या अंगावर काटा आलेला मी पाहिला. पण त्या उठल्या नाहीत. त्यांनी सुईत दोरा ओवला.

परवा पुन्हा बोटांची टोके टेकली. मुलगी दारात थबकली. "आई, तू आहेस का?"

"नाही. ती आत आहे."

मुलीने स्वयंपाकघरातल्या मावशीला हाक मारली. मग शेजारी येऊन बसली. "बरं. तुला लाल चिंधी हवी का?"

मित्रांनो, माझी काळजी घ्यायला थेंबभर तेल पुरते. माणसाला अधिक लागते. आपले कोणी अचानक अनोळखी वाटू लागले तर हसू नका, पाठ फिरवू नका. मोठ्यांना सांगा, आणि आवाज मऊ ठेवा. आत कोण ऐकत असेल, सांगता येत नाही.