चौथ्या जागेचं पाणी

ग्रेस त्रिभुवन नगरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी नदीचं पाणी आणायला जायची. स्कूटरवर पायाशी बर्फाचा डबा, त्यात तपकिरी काचेच्या बाटल्या. नेवाशाच्या खाली प्रवरेवर तिनं सहा जागा ठरवल्या होत्या. शेतावर फवारलेलं औषध नदीत किती उतरतं, गाळात किती मुरतं, माशांत किती जातं, हे तिला शोधायचं होतं. ज्या सरांनी हा विषय दिला, ते निवृत्त होऊन लेकीकडे निघून गेले होते. आई जाऊनही दीड वर्ष झालं होतं. सावेडीतल्या फ्लॅटवर परतून बाटल्या फ्रिजमध्ये लावताना तिच्या लक्षात यायचं, की दिवसभरात आपण एकाच माणसाशी बोललो.

ते माणूस म्हणजे दगडाबाई. साठीची, मासे धरणाऱ्या भोयाच्या घरातली, स्वतःची होडी स्वतः वल्हवणारी. ग्रेसला ती सहाही जागी फिरवून आणायची आणि शेवटी घरी नेऊन भाकरी-कालवण वाढायची.

"हातानं करून खाता का मेसचं?" ती दर वेळी विचारायची.

"एकटीसाठी काय करायचं, मावशी?"

"एकटीलाबी पोट असतंयच की."

मार्चमध्ये चौथ्या जागेचा आकडा विचित्र आला. एक कीटकनाशक, बाकीच्या जागांपेक्षा चाळीस पट. आपलीच बाटली खराब असेल म्हणून ग्रेसनं पुन्हा नमुना नेला. तेच. तिथल्या माशांतही तेच. शेतांत तर त्या दिवसांत फवारणी नव्हती. चौथ्या जागेला एक ओढा मिळत होता. ती ओढ्याच्या काठानं वर चालत निघाली आणि दर शंभर पावलांवर एक बाटली भरत गेली.

किलोमीटरभर वर, बाभळींच्या आड पत्र्याची शेड होती. निळ्या प्लॅस्टिकच्या ड्रमांची थप्पी लागली होती. दोन गडी ड्रम आडवे करून धूत होते आणि दुधासारखं पांढरं पाणी ओढ्यात जात होतं. औषधाचा उग्र वास ग्रेसच्या घशाला लागला.

आतून तिशीचा एक जण आला. आधी कपाळाला आठ्या घालून, मग एकदम हसत. "तुमी त्या बाटलीवाल्या मॅडम ना? मी कल्याण, दगडाबाईचा. आई लई सांगती तुमचं." त्यानं खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला.

औषधाचे रिकामे ड्रम तो गोळा करून आणायचा, धुवायचा आणि पाणी साठवायला लोकांना विकायचा.

"कल्याण, हे पाणी नदीत जातंय."

"मॅडम, नदी केवढी आन् माझं पानी केवढं!" तो मनापासून म्हणाला.

चहा तसाच ठेवून ग्रेस उठली. कुठल्याही कार्यालयात जाण्याआधी ती दगडाबाईकडे गेली. दगडाबाई जाळं सांधत होती. सगळं ऐकून घेईपर्यंत तिचा हात थांबला नाही.

"मला तक्रार द्यावी लागेल, मावशी."

"माझ्या पोरावर?"

"त्या ड्रमातलं पाणी लोक पितात. लहान लेकरं पितात. तो ऐकत असेल तर तुम्ही सांगून बघा."

दगडाबाईनं वर पाहिलं. "तुमी माझ्या घरात जेवला, बाई," एवढंच ती म्हणाली.

कल्याणचं ड्रम धुणं थांबलं नाही. पंधरा दिवस वाट पाहून ग्रेसनं प्रदूषण मंडळाकडे अर्ज दिला. अधिकारी आले, शेडला सील लागलं, त्या टापूत मासे धरू नयेत असा फलक लागला. कल्याण चाकणला एका कंपनीत निघून गेला. 'तूच तिला होडीत बसवून आनली,' असं जाताना आईला बोलून गेला, हे ग्रेसला चहाच्या टपरीवर कळलं.

पुढच्या शनिवारी काठावर होडी नव्हती. ग्रेसनं पुलावरून दोरीनं बादली सोडली. चौथ्या जागेला मात्र पूल नव्हता; तिथं ती कमरेएवढ्या पाण्यात उतरली. पाय गाळात रुतला, चप्पल आतच राहिली. काठावर कपडे धुणाऱ्या बाया बघत राहिल्या. असे सहा महिने गेले. दगडाबाईच्या दारावरून जाताना ती स्कूटर हळू करायची. दार लोटलेलं असायचं.

नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या प्रयोगशाळेत तिला निकाल मिळाला. चौथ्या जागेचं पाणी बाकीच्या जागांसारखंच झालं होतं. कागद घेऊन ती बाहेर पायरीवर बसली. कुणाला तरी सांगावं असं फार वाटत होतं. मोबाईलमधली नावं तिनं वरपासून खालपर्यंत पाहिली आणि फोन पिशवीत टाकला.

शनिवारी ती सरळ दगडाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली.

"पाणी सुधारलंय, मावशी."

"मग मासं धरायचं का?"

हो म्हणावं असं ग्रेसच्या अगदी ओठांवर आलं. "अजून नको. गाळात उतरलंय ते राहिलंय."

"किती दिस?"

"मला सांगता येणार नाही."

दगडाबाई उठून आत गेली. ग्रेस जायला वळली, तेवढ्यात ती एक चुरगळलेला कागद घेऊन बाहेर आली. त्यावर नंबर होता.

"त्याला सांगा पानी सुधारलं म्हनून. माजा फोन उचलत न्हाई त्यो."

ग्रेसनं रस्त्याच्या कडेला स्कूटर लावून फोन केला. कल्याणनं उचलला. नाव ऐकूनही त्यानं ठेवला नाही. तिनं आकडा सांगितला, आधीचा आणि आताचा, दोन्ही. पलीकडे यंत्रांचा आवाज येत होता.

"बरं," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

डिसेंबरात तिनं पुन्हा केला, जानेवारीतही. दोन्ही वेळा तेवढंच 'बरं'. फेब्रुवारीत परीक्षा चालू होत्या, तिच्याकडून राहून गेलं. त्या आठवड्यात त्याचाच फोन आला. पाण्याचं त्यानं काही विचारलं नाही.

"आईची पाठ दुखायची थंडीत," तो म्हणाला. "बरी हाय का ती?"

"मला माहीत नाही," ग्रेस म्हणाली. "शनिवारी जाऊन विचारते."