जागल्याचं घर

सचिन या औद्योगिक गावातल्या कापड कारखान्यात चौदा नंबरच्या मागावर मारुती वीस वर्षं उभा होता. धागा तुटला की माग थांबायचा, लाल दिवा लागायचा आणि त्या थांब्याची नोंद आपोआप भिंतीवरच्या पडद्यावर चढायची. ही नोंद ठेवणारा प्रोग्राम त्याच्याच लेकीनं, सुवर्णानं लिहिलेला. सर्व्हरच्या पोटात तो आठही प्रहर जागा, कुणी हाक मारो न मारो, कान देऊन बसलेला. म्हणून तिनं त्याला गावच्या राखणदाराचं नाव दिलं, जागल्या.

जागल्या तिच्या 'धोटा' या प्रकल्पात राहायचा. धोटा सगळ्यांना खुला होता. कुणीही घ्यावा, वाचावा, सुधारावा. चलथाणच्या वैभवनं तो असाच वाचला. तो तिच्याच कॉलेजचा, दोन वर्षांनी मागचा. साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांची रांग लावणारा 'मोळी' हा त्याचा प्रकल्प. वजनकाट्याला कान लावून बसणारं कुणीतरी त्यालाही हवं होतं. त्यानं जागल्याची नक्कल नेली. वर्षभरात दोन जागले झाले. एकाचं दुखणं बरं केलं की दुसऱ्याचं तसंच राहायचं.

मग उधना गावात लारीवर, चहाच्या हातगाडीपाशी, चहा घेत दोघांनी ठरवलं.

"एकच ठेवू," सुवर्णा म्हणाली. "पण कुठं? तिसरं घर बांधू त्याच्यासाठी?"

"तिसऱ्या घरात दिवा कोण लावणार, ताई? तुम्ही एकट्या, मी एकटा. मोळीत आता पाच जणं आहेत, पुण्याच्या पल्लवीताई रोज बघतात. मोळीत ठेवा. धोट्यानं तिथून घ्यायचा."

"वीज लवली, दाब क्षणभर पडला, तर थांबायचे ते तीन सेकंद मात्र काढायचे नाहीत. काढायचे झाले तर मला विचारून."

"तुम्हाला न विचारता मी नख तरी लावीन का?"

"मोळीच्या पानावर इश्यू उघडून लिहून ठेवू मग. बाकीच्यांनाही कळेल."

वैभव हसला. "बहिणीला कुणी लिहून देतं का? राखी बांधताना पावती मागता का तुम्ही?"

तीही हसली. आपल्या माणसात कागद आला की माया गेली, हे तिनं घरी लहानपणापासून ऐकलेलं. लिहिलं नाही. त्याच आठवड्यात जागल्या मोळीत गेला.

घरी मंदा, तिची आई, साडीवर टिकल्या चिकटवत बसली होती. लेकीनं सांगितलं ते तिला निम्मं कळलं. बोटं न थांबवता ती म्हणाली,

"सामाईक विहीर, बाई, पाणी दोघींच्या भागाचं,
रहाट ज्याच्या दारी, नाव पडतं गं त्याचं."

"आई, ही विहीर नाही गं."

"नसंल बाई."

सहा महिने बरे गेले. मोळीतल्या लोकांनी जागल्याला चपळ केलं, हलकं केलं, सुवर्णाला त्याचा अभिमानच वाटला. मग मार्गशीर्षात, उसाच्या गाड्यांची रांग रस्त्यावर आली तेव्हा, कुणीतरी ते तीन सेकंद काढून टाकले. काट्यावर तीन सेकंद म्हणजे उशीर. मोळीच्या अंगानं पाहिलं तर त्यांचं बरोबर होतं.

मागाच्या अंगानं पाहायला तिथं कुणी नव्हतं. धोट्यात नवा जागल्या आपोआप आला. सचिनला वीज दिवसातून वीस वेळा लवते. लवली की सेन्सर क्षणभर मुका होतो, माग मात्र चालूच असतो. तीन सेकंद धीर धरला की सेन्सर परत बोलू लागतो. आता जागल्याला धीर नव्हता. दर लवणीला तो थांबा लिहू लागला. चौदा नंबर जुन्या वायरीवर, त्यामुळे सगळ्यात जास्त थांबे तिथले. पडद्यावर मारुतीचं नाव सगळ्यात वर.

"म्या काय झोपतो व्हय मागापाशी?" मारुती जेवताना म्हणाला. "सुपरवायझर म्हणे, काका, मशीन झूठ नहीं बोलता. कामून असं दाखवतंय पोरी? तुझंच हाय ना ते?"

"माझंच आहे, अप्पा."



तिनं तीन सेकंद परत घालणारी दुरुस्ती मोळीकडे पाठवली. पल्लवीनं सभ्यपणे उत्तर दिलं: मोळीला याची गरज नाही. सुवर्णानं लिहिलं, जागल्या मूळचा धोट्याचा, आणि हे सेकंद न विचारता काढायचे नाहीत असं ठरलं होतं. पल्लवीचं दुसरं उत्तर दोन ओळींचं: कुठं ठरलं? दुवा द्याल का?

दुवा नव्हता. जे ठरलं ते चहाच्या वाफेबरोबर उधन्यात विरून गेलेलं. फायली मोळीत आल्या तेव्हा वैभवनं त्या नुसत्या उचलून ठेवल्या होत्या, आधीचा इतिहास आणला नव्हता. नोंदीत जागल्याचा जन्म मोळीतच झालेला, बाप वैभव.

तिनं त्याला तिथंच, सगळ्यांसमोर, विचारलं. दोन दिवसांनी त्यानं लिहिलं: असा काही औपचारिक निर्णय झाल्याचं माझ्या स्मरणात नाही. सुवर्णाताईंचं योगदान आम्ही जाणतो.

औपचारिक. शब्द किती खरा होता. तिला त्यात कुठं बोट ठेवता येईना.

शनिवारी सुपरवायझरनं मारुतीला मागावरून काढलं आणि कापडाचे ताके वाहायला लावलं. रविवारी सुवर्णानं मोळीतून जागल्या उचलला, तीन सेकंद परत घातले आणि धोट्यात आणून ठेवला. परवाना खुला होता, कुणाला विचारायची गरज नव्हती. पुन्हा दोन जागले. आता एकाचं दुखणं दुसऱ्याला कळायची वाटही बुजली.

संध्याकाळी वैभवचा फोन आला. "ताई, वेगळं केलंत? अहो, एक फोन करायचा ना. आपण बोललो असतो."

"जे असेल ते तिथं लिही, वैभव. सगळ्यांना दिसेल असं."

"मी भाऊ ना तुमचा?"

"तेही लिही."

वैभवनं फोन बंद केला. त्यानं काहीच लिहिलं नाही.

सोमवारी पडदा स्वच्छ होता. चौदा नंबर दिवसभरात दोनदा थांबला, दोन्ही वेळा धागा खरंच तुटलेला. मागापाशी ओडिशाचा एक तरुण उभा होता, आणि सुपरवायझर त्याची पाठ थोपटत म्हणाला, "देखा, आदमी बदला तो मशीन सुधर गया." पाठीवर ताका घेऊन मारुती तिथूनच चालला होता.